हाउकेच्या गाडीतले आकडे

हॅलो? … हॅलो? … मोइन, मोइन, नमस्कार! एन्नोच बोलतोय, वर्कशॉपचा फोन दुसरं कोण उचलणार? … कोण? इमके? अगं, मोठ्याने बोल, मागे ताकद मोजायच्या रोलरवर गाडी पळतेय … थांब, एक मिनिट थांब, बंद करतो.

… हां, बोल आता. कुठून बोलतेस? … घरून? तुम्ही तर रविवारपर्यंत हार्त्सच्या डोंगरात राहणार होतात ना?

… काय?

… काय म्हणालीस? इंजिन?

… कधी? … मंगळवारी! आणि आज शनिवार. सख्खा भाऊ गाड्यांच्या धंद्यात, आणि त्याला चार दिवसांनी … नाही, चिडलो नाही. चिडलो नाही गं. आधी सांग, सगळे धड आहात ना? फेन्या कुठे होती? … मागच्या सीटवर. … पोरीला काही लागलं वगैरे? … नाही ना? नक्की? … सुटलो. हो, हो, ऐकतोय. तू सांग.

… चढावर. … कॅरव्हॅन जोडलेली, हो … एसी चालू होता? … खिडक्या उघड्या. बरं. … मग एकदम ताकद गेली. आणि धूर. निळा की पांढरा? … अगं, कामाचं आहे म्हणून विचारतोय … बरं बाई, नाही विचारत.

… मागे सरकायला लागली? कॅरव्हॅनसकट? … आणि मागून ट्रक. … किती जवळ होता?

… हॅलो, हो, आहे. आहे मी इथेच. खुर्ची ओढली, तिचा आवाज झाला.

… मग तुझ्या नवऱ्याने, हाउकेने काय केलं? … तशीच उलटी वळवून डोंगराच्या कडेला टेकवली? कॅरव्हॅन जोडलेली असताना? … इमके, हे सोपं नसतं. दुसरा कोणी असता ना, तर आडवी झाली असती रस्त्यावर. … नाही, तोंडदेखलं नाही बोलत. मला नसतं जमलं.

… एक मिनिट हं. नाही हो ओनकेनसाहेब, तुमची गाडी अजून अर्धा तास तरी नाही व्हायची. चहा घ्या तोवर, किटली तिकडे आहे, खडीसाखर वरच्या खणात. … हां, बोल. थांब, मी ऑफिसचं दार लावून घेतो.

… तिथला गॅरेजवाला काय म्हणाला? … तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन. चिरलाय. … हं. … हो, होतं असं कधी कधी. … त्याने कम्प्युटर लावून बघितला का? … अगं लॅपटॉप, लॅपटॉप. स्टीअरिंगखाली वायर खोचली का त्याने? … सहज. सहज विचारलं. … नुसतं खोलून बघितलं. बरं. बरं झालं. … बरं झालं म्हणजे … म्हणजे उगाच वेळ नाही घालवला त्याने, एवढंच.

… कशाने झालं म्हणतो? … 'नॉकिंग'. … 'स्वस्त पेट्रोल भरून डोंगरात ओझं ओढलं की असंच होणार'. … असं म्हणाला तो? … आणि तू हाउकेला काय म्हणालीस? … अगं इमके! … कंजूष? पोरीसमोर? … आणि अजून काय? … अरे देवा.

… नाही, त्याची बाजू नाही घेत. पण ई-टेन, ते स्वस्तातलं पेट्रोल, काही वाईट नसतं गं. अर्धा देश तेच भरतो. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वाच, कंपनीनेच लिहून ठेवलंय, पंचाण्णव नंबरचं चालेल म्हणून. … हो, चालतं. … मग का फुटला? … का म्हणजे … अगं, इंजिन आहे …

… नॉकिंग म्हणजे … कसं सांगू? पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग ठिणगी पडते, आणि एका टोकापासून ते शिस्तीत जळत जायला हवं. कधी कधी काय होतं, ठिणगीचा जाळ पोचायच्या आधीच दुसऱ्या कोपऱ्यात आपोआप भडका उडतो. मग पिस्टनवर हातोडी बसल्यासारखा दणका. एका दणक्याने काही होत नाही. पण अख्खा घाट चढायचा म्हणजे … हो, आवाज येतो. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा.

… कोणाला? फेन्याला? … ऐकू आला तिला? … असंच म्हणाली? 'बाबा, खडे वाजतायत'? … आणि हाउके? … त्याला नाही आला.

… मग त्यात काय एवढं? नाही येत कधी कधी … कानाचा डॉक्टर? कशाला? … इमके, सावकाश. मला नीट कळेना. सोमवारी डेपोत जाऊन कोणाला काय सांगणार?

… बस सोडणार?

… अगं पण … हो, माहीत आहे मला. चोवीस वर्षं शाळेची बस चालवतोय. डेपोच्या फाटकात उभा राहून सांगायचा, कुठल्या बसचं बेअरिंग गेलंय. मेकॅनिक लोक त्याला बोलावून न्यायचे. … काय म्हणतो तो? … 'ज्याला स्वतःच्या गाडीतला आवाज कळत नाही, त्याच्या मागे चाळीस पोरं बसवू नका'. … हं. … पन्नाशी पुढच्या महिन्यात, हो, आणि पन्नाशीला बसच्या लायसन्सची तपासणी. … तपासणीत नापास व्हायच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हावं, असं. … हाउकेच तो. असंच करणार.

… कुठे झोपतो? … अंगणात? कॅरव्हॅनमध्ये? … परत आल्यापासून? … आणि अकराच्या चहाला? … चहालाही येत नाही आत?

… रडू नकोस गं. इमके. अगं, रडू नकोस. तू रागात बोललीस. बोलतं माणूस. … नाही, तुझ्यामुळे नाही. तुझ्या बोलण्यामुळे कोणी बस सोडत नाही. … मी सांगतो ना, तुझ्यामुळे नाही.

… मी? मी काय बोलू त्याच्याशी?

… काय सांगू? … 'पिस्टन मुळातच कच्चा होता'. … 'कारखान्याचा दोष'. … हं. … हो, तसं म्हणता येईल. होतं तसं. एखाद्या वर्षीच्या लॉटमध्ये … हो. हो, त्यात नवल काही नाही. … खोटं कसलं, समजूत काढायला माणूस थोडंफार … हो, तेच म्हणतो मी. त्याचंही मन राहील, तुमचंही मिटेल. … ठेवेल का विश्वास? … 'दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही, एन्नोचं ऐकेल'. असं म्हणतेस.

… नाही, आहे ना. ऐकतोय.

… हो, दे. दे त्याच्याकडे फोन. मी सांगतो …

थांब! इमके! नको देऊस. अगं ऐक ना, थांब जरा. अजून स्वयंपाकघरातच आहेस ना? … दार उघडू नकोस. बस तिथे. बसलीस? … बस म्हणतो ना.

… मार्चमध्ये गाडी आणून दिली होतीस माझ्याकडे. ब्रेक-पॅड बदलायला. … दोन दिवस ठेवून घेतली होती मी. आठवतं? … इमके, ब्रेक-पॅडना दोन दिवस लागत नाहीत. दीड तास लागतो. … तुला एक सांगायचं राहून गेलं. … राहून नाही गेलं. सांगितलं नाही मी.

… मी लोकांच्या गाड्यांना काय करतो, तुला माहीत आहे? … 'लॅपटॉपवर खेळतो'. हो. हे हाउकेचं. दर सणाला म्हणतो, कोपराने ढोसून म्हणतो. … ऐक आता, आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धीर जाईल. इंजिनाशेजारी एक डबा असतो, पुस्तकाएवढा. त्यात सगळे तक्ते भरलेले असतात, पाढे असतात तसे. इंजिन इतक्या वेगाने फिरतंय, पायाने पेडल इतकं दाबलंय, हवा इतकी तापलीय, मग पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, टर्बोने हवा किती रेटायची. पिस्टनच्या प्रत्येक फेरीला तो डबा तक्त्यात बघतो आणि हुकूम सोडतो. कंपनी हे आकडे हात राखून लिहिते. कारण गिऱ्हाईक कसलं भेटेल सांगता येत नाही. कोणी उन्हात दामटेल, कोणी वर्षानुवर्षं तेल बदलणार नाही. … मी वायर लावतो, तक्ते उतरवून घेतो, आणि तो राखून ठेवलेला हात जरा सैल करतो. हवा थोडी जास्त. ठिणगी थोडी आधी. परत डब्यात भरतो, आणि आतली बेरीज जुळवून देतो, नाहीतर डब्याला कळतं कोणीतरी हात घातलाय ते. एक नट फिरवावा लागत नाही. गाडी मात्र वेगळीच पळते.

… हो.

… हो, तुमच्या गाडीत. … हो, न विचारता.

… दीडशेची एकशे नव्वद. घोडे गं, ताकद. … अगं, भेट म्हणून केलं! त्याच्या पन्नाशीची … नाही. थांब. भेट म्हणून नाही. खरं सांगतो. त्याची जिरवायला केलं. वाढदिवसाच्या जेवणात उठून सांगणार होतो, सगळ्यांसमोर, 'हाउके, सहा महिने ज्या गाडीची तारीफ करतोस ना, ती माझ्या खेळण्यावर पळतेय'. भाषण सुद्धा तयार होतं. … हो. गाढव आहे मी. म्हण.

… पेट्रोल? तेच सांगतोय. ती फाइल अठ्ठ्याण्णव नंबरच्या पेट्रोलसाठी होती. ते लवकर भडकत नाही. पंचाण्णव भरून गावात फिरलं तर काही कळणार नाही, पण ओझं लावून चढावर … हो. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कळलं नसतं का त्याला?

… अजून आहे. … हो, अजून आहे, इमके. सगळं ऐकून घे, मग बोल मला काय बोलायचं ते. इंजिनाला स्वतःचा कान असतो. छोटासा सेन्सर, इंजिनालाच बोल्टने आवळलेला. माणसाला ऐकू यायच्या कितीतरी आधी त्याला नॉकिंग ऐकू येतं, आणि डबा लगेच ठिणगी मागे घेतो. गाडी जरा मरगळते, पण पिस्टन वाचतो. चुकीचं पेट्रोल भरलं तरी वाचतो. म्हणजे वाचला असता. … मी त्या कानात बोळा घातला. … तोही आकडाच असतो गं. 'एवढा आवाज झाला तरी लक्ष देऊ नकोस', असा. … कारण रोलरवर तो सारखा मागे खेचत होता. एकशे चौऱ्याऐंशीच्या वर जाईना. मला एकशे नव्वद हवे होते. भाषणात नव्वद चांगले वाटतात म्हणून.

… हो. सहा घोड्यांसाठी.

… नाही, कोणाच्याही गाडीत असं करत नाही मी. शप्पथ. भिंतीवर पाटी आहे माझ्या, तू वाचली आहेस. तपासणी होऊन गाडीच्या कागदावर नोंद झाल्याशिवाय किल्ली देत नाही. लोक कटकट करतात, तरी देत नाही. … कारण नोंद नसली की गाडीचा रस्त्यावर यायचा परवानाच रद्द होतो. काही झालं तर विमावाले तुमच्या मागे लागतात. … तुमची कशी करणार? मालकाच्या कागदांशिवाय नोंद होत नाही, आणि ते तुझ्याकडून मागितले असते तर तू विचारलं असतंस कशाला हवेत. मग सगळी गंमत … हो. बिनपरवान्याची. मार्चपासून. … हो, फेन्याला पोहायला सोडत होतीस, तेव्हाही.

… ऐकतोय. … बोल. … बोल, बरोबर आहे तुझं.

… एक राहिलंय. नाही, सांगू दे, आजच सांगू दे, नाहीतर पुन्हा जमायचं नाही मला. निघालात त्या दिवशी फोटो पाठवलास ना मला? पेट्रोल पंपावरचा. कॅरव्हॅन, फेन्याने जीभ काढलेली, आणि मागे हाउके टाकी भरतोय. … मी तो फोटो मोठा करून बघितला. नळीवर ई-टेन लिहिलेलं दिसलं मला. … तेव्हाच दिसलं, हो. मी निरोप लिहिला. 'त्याला अठ्ठ्याण्णव भरायला सांग.' लिहिला, आणि पुसला. … कारण तू विचारलं असतंस, का? मग सांगावं लागलं असतं. आणि मला वाटलं, काय होतंय, तीनशे किलोमीटर तर जायचंय. … मग अंगठा पाठवला. वर केलेला अंगठा. असेल बघ तुझ्या फोनमध्ये.

… इमके?

… इमके, बोल काहीतरी. शिव्या घाल. … हॅलो? … कुठे निघालीस? दाराचा आवाज आला. … आता? अगं, आधी तू सांग ना त्याला, तुझ्याकडून त्याला … नाही?

… बरं. … मीच सांगतो. दे.

… मोइन, हाउके. … हो, एन्नो. … नाही रे, इमकेला काही झालं नाही. रडतेय ती माझ्यामुळे. … सांगतो. हाउके, तू सोमवारी डेपोत जाऊ नकोस. … ऐक. तुझे कान ठीक आहेत. … नाही, समजूत काढत नाहीये. तिने सांगायला लावलं म्हणून बोलत नाहीये. ती तर मला वेगळंच सांग म्हणत होती. … तुझ्या गाडीतले आकडे मी बदलले. मार्चमध्ये, ब्रेकच्या वेळी. ताकद वाढवली, आणि नॉकिंग ऐकणारा सेन्सर बहिरा करून ठेवला. पिस्टन मी फोडला. तू नाही. तुझ्या पेट्रोलनेही नाही.

… हो.

… हो, मी. … शुद्धीत आहे. … अरे, खिडक्या उघड्या, मागे दीड टनाचा डबा गडगडतोय, पुढे बसलेल्याला कसा येणार आवाज? मलाही आला नसता. फेन्या सोळाची आहे, मागे बसलेली, तिला आला. ऐकायचं काम गाडीचं होतं, आणि गाडीला मी नको ऐकूस म्हणून सांगितलं होतं.

… काय? … हो. … हो, नक्की. डॉक्टरकडे जायचं तर जा, पण त्यापायी बस सोडू नकोस. … हाउके? काय झालं? … रडतोयस का रे? … हसतोयस? … नाही, नाही, धन्यवाद नको. हाउके, मला धन्यवाद नको देऊस. अरे, मी तुझी गाडी … तो ट्रक … इतके दिवस तू त्या कॅरव्हॅनमध्ये पडून होतास आणि … नको ना देऊस.

… लिहून? … देतो. कधी केलं, काय केलं, सगळं. सही-शिक्क्यानिशी. … विमावाल्यांना, हो. डेपोत दाखवायलाही एक वेगळं देतो. … कळतंय मला. माझ्या वर्कशॉपच्या परवान्याचं काय व्हायचं ते होईल. … नवीन इंजिन मीच बसवून … नको? … दुसरीकडे. बरं. … हो, मीही दुसरीकडेच नेली असती.

… कधी? … ईस्टरला? … हो, तेव्हा ते आकडे गाडीत घातलेले होते. … हो, आमच्या बाबांकडे चहाला सगळे जमलो होतो, तेव्हाही. … आठवतं. प्लग स्वतःच्या हाताने साफ केल्यापासून गाडी कशी ओढतेय बघा, म्हणालास. … हो, हसलो मी. … हो, बाकीचेही हसले. … नाही रे, तू मजेशीर सांगितलंस म्हणून … तू सांगतोसच तसं, हातवारे करून …

… नाही. … त्यासाठी नव्हते हसत.

… कोणाकोणाला म्हणजे? … हाउके, जाऊ दे ना आता … सांगतो. सांगतो. बाबांना. … मीच सांगितलं. त्याच दिवशी सकाळी. … क्लबातल्या फोल्कर्टला. … नाही, त्या एकट्याला नाही, क्लबातल्या सगळ्यांना. … रस्त्यावर गोळे टाकायचा खेळ खेळायला जमायचो, तू बसवरून उशिरा यायचास, तेव्हा विषय निघायचा … इमकेला नाही! इमकेला आणि फेन्याला नव्हतं माहीत, त्यांचा काही … बाकीच्यांना. हो. … हो, म्हणूनच विचारायचे तुला. दर शनिवारी. 'काय हाउके, गाडी कशी पळतेय?' … आणि तू सांगायचास. …

… हाउके?

… हाउके, आहेस ना?

… हॅलो?